दुपारची बैठक: अचलपुरात गोधडी शिवणाऱ्या बायकांचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आधी स्थापनेची तारीख, पहिल्या अध्यक्षांचे नाव, नोंदणी क्रमांक आणि कोनशिलेवरचा मजकूर मांडायचा, अशी स्मरणिकांची रीत आहे. गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या आमच्या बैठकीकडे यातले काहीच नाही. ठरावाचे पुस्तक नाही, पावतीपुस्तक नाही, कपाटाला किल्लीही नाही, कारण कपाटच नाही. तरी या स्मरणिकेत तिला स्वतंत्र पाने मिळाली, हे मला फार योग्य वाटते. ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या प्रहरी माणसे जमतात, जुनी नवीला शिकवते, सामान सगळ्यांचे असते आणि एकीचे काम अडले तर दुसरीचा हात लागतो. हे पिढ्यान् पिढ्या चालत असेल तर त्याचा इतिहास लिहिला पाहिजे. अचलपुरात आणि आसपासच्या गावांत ते चालत आले आहे. त्याच्या तारखा मात्र कापसाच्या, रेल्वेच्या आणि गिरणीच्या इतिहासात शोधाव्या लागतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या आधाराने वसलेले हे गाव इमादशाहीच्या काळात वऱ्हाडचे मुख्य ठाणे होते. इंग्रजांनी त्याला एलिचपूर म्हटले. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत इथल्या काळ्या मातीचे नशीब बदलले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. उमरावतीच्या, म्हणजे आजच्या अमरावतीच्या, नावावरून इथल्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमराज’ म्हणत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटरचा अरुंद रूळ आला. किलिक निक्सन कंपनीची ही गाडी, आपली शकुंतला, मुख्यतः कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठीच होती.

गाठी गेल्या. वेचणाऱ्या बाईच्या घरी काय राहिले? दिवसभर कमरेला ओटी बांधून तिने पऱ्हाटीतून कापूस वेचला, तो मोजून दिला आणि मजुरी घेऊन ती घरी आली. तिच्या घरातल्या गोधडीत कापूस नसे. वऱ्हाडातली जुनी गरिबाघरची गोधडी उसवून पाहा. आत लुगड्याचे तुकडे, धोतराची पाने, बंडीची पाठ, पोरांच्या झबल्यांच्या चिंध्या, असे थरावर थर निघतात. पिंजलेली रुई भरलेला लेप किंवा गादी ही ऐपतीच्या घरची वस्तू. कापसाच्या मुलुखात कापूस पिकवणारे लोक चिंध्या पांघरून झोपत होते. बैठकीचा इतिहास सांगताना ही गोष्ट मी आधी सांगते, कारण आमची सगळी कला या टंचाईतून आली आहे. जे आहे ते वाया जाऊ द्यायचे नाही आणि जे आहे त्यातच ऊब आणायची, हे शहाणपण इथल्या बायकांनी कुठल्या वर्गात जाऊन घेतलेले नाही.

याच मातीतल्या एका माणसाने चिंध्यांना मान मिळवून दिला. अचलपूरच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. २३ फेब्रुवारी १८७६ हा त्यांचा जन्मदिवस. डोक्यावर गाडगे, हातात खराटा आणि अंगावर ठिगळांचे वस्त्र घेऊन ते महाराष्ट्रभर हिंडले. कुठे लोक त्यांना चिंध्याबुवा म्हणत, कुठे गोधडे महाराज. त्यांनी धर्मशाळा उभारल्या, शाळांना हात दिला, पण स्वतःच्या अंगावरचे ठिगळ काढले नाही. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीजवळ वलगावात त्यांची यात्रा संपली. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. आमच्या बैठकीत त्यांच्या पुण्यतिथीला कीर्तन वगैरे होत नाही, पण त्या दिवशी आदल्या वर्षातल्या उरलेल्या चिंध्या धुऊन, वाळवून, रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या हा नेम आहे. या नेमाइतकी बाबांना आवडेल अशी दुसरी पूजा मला सुचत नाही.

बैठकीचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बायका वेचणीला असतात, पुढे तूर, हरभरा, गहू. शेतातले काम आटोपते ते चैत्राच्या सुमाराला. मग वैशाखात, जेव्हा बाहेर पाय ठेववत नाही आणि उंबऱ्यापुढची फरशी पोळते, तेव्हा जेवणे उरकून दोन-तीनच्या सुमारास एखाद्या थंड, मातीच्या भिंतीच्या घरात बायका येऊन बसतात. थंडीची वस्तू भर उन्हाळ्यात का शिवायची, असे शहरातून आलेल्या सुना विचारतात. त्याला कारणे आहेत. वेळ तेव्हाच मिळतो, धुतलेले कापड तासाभरात कडकडीत वाळते, आणि मृगाआधी काम संपले तर पावसाळ्यात गोधडीला ओल धरत नाही. हिवाळ्यात, बहिरमच्या यात्रेला निघालेल्या बैलगाडीत पहिल्यांदा नवी गोधडी अंथरली जाई, असे म्हाताऱ्या सांगत. पौषातल्या त्या थंडीत उघड्या माळावर रात्र काढायची, रोडगे भाजायचे, तर गोधडीची परीक्षा तिथेच व्हायची.

आता कामाविषयी. हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे, कारण बैठकीची सगळी मालमत्ता म्हणजे हे बारकावे आहेत आणि ते कुठे लिहून ठेवलेले नाहीत.

कापड कधी कात्रीने कापायचे नाही. काठाला छोटी चीर द्यायची आणि फाडायचे. फाडलेले कापड धाग्याच्या रेषेत सरळ जाते, कात्रीचे वाकडे होते, आणि एक तुकडा वाकडा बसला की सगळी चौकट ओढली जाते. लुगड्याचे काठ आधी फाडून बाजूला ठेवायचे. ते मधे आले तर सुई मोडते. तेच काठ शेवटी चारी कडांना पट्टी म्हणून लावले की गोधडी दहा वर्षे जास्त टिकते, कारण गोधडी फाटायला लागते ती नेहमी कडेने. नवे सुती कापड मिळाले तर ते आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे. न आटलेले नवे आणि धुऊन धुऊन आटलेले जुने एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात गोधडी गोळा होते. लाल आणि काळा रंग सोडणारी कापडे खड्याच्या मिठाच्या पाण्यातून काढायची आणि ओली असतानाच पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहायची.

मग जमीन झाडून, सारवून, कोरडी करून खालचे अस्तर पसरायचे. चारी कोपऱ्यांवर दगड, वरवंटा, जे असेल ते ठेवायचे. त्यावर पोट भरायचे, म्हणजे जुन्या कापडांचे थर. इथे नवशिक्या घाई करतात. थरातला तुकडा तुकड्यावर चढला तर तिथे गाठ येते आणि निजणाऱ्याच्या पाठीला बोचते, म्हणून कडेला कड भिडवायची, कडेवर कड नाही. वरचे कापड घातले की मधोमधून बाहेरच्या दिशेने मोठे टाचे मारत जायचे. सुरकुती मधून बाहेर ढकलली जाते. उलट केले तर ती मधे येऊन बसते आणि मग काही केल्या निघत नाही. टाचे झाले की खरे शिवण सुरू होते, ते मात्र बाहेरून आत. कडेच्या पट्टीपासून एका बोटाच्या अंतरावर धावदोरा घालायचा, चारी बाजूंनी फिरून यायचे, पुन्हा एक बोट आत, पुन्हा फेरी. चौकटीत चौकट अशी गोधडी मधे येऊन मिटते.

या फेऱ्यांमुळेच बैठक होते. चारी बाजूंनी चौघी बसल्या तर प्रत्येकीला स्वतःची बाजू मिळते. पण चौघींचा टाका वेगळा. एकीचा तांदळाएवढा, दुसरीचा मक्याच्या दाण्याएवढा. म्हणून दर फेरीला बायका जागा बदलतात, आणि एकाच बाजूला सगळे बारीक किंवा सगळे मोठे टाके येत नाहीत. आमच्या बैठकीतल्या जुन्या गोधडीवर बोट फिरवत नेले तर कोणता टाका कुणाचा ते ओळखणाऱ्या बायका अजून आहेत. सही न करता सही राहण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

शिकवणे असे ओघातच होते. कुणी उभे राहून सांगत नाही. एखादी नवी सून लांब दोरा ओवते आणि तिचा गुंता होतो, तेव्हा शेजारची म्हणते, “अवं माय, दोरा हातभरच घे. लांब घेतला तं आयुष्य गुतवण्यातच जाते.” मग तीच तिला दोऱ्यावर मेणाचा खडा फिरवून देते, म्हणजे दोरा फुगत नाही आणि जाड थरातून सरसर निघतो. गाठ कधी वर दिसू द्यायची नाही. सुई दोन थरांच्या मधून घालायची, हलकासा झटका द्यायचा, गाठ आत जाऊन बसते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला तर गाठच नको, दोराच टाक्यात परत फिरवून जिरवायचा. सुईचे टोक बोथटले तर वाळूत खुपसून घासायचे. डोळ्याने कमी दिसणाऱ्या म्हातारीसाठी सकाळीच आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. “पोरी, मले एक ओवून दे” असे तिने म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही, ही बैठकीतली शिस्त आहे. अंगुस्ताना सगळ्यांकडे नसतो, तर जाड कातड्याची जुनी चिंधी बोटाला गुंडाळून चालते.

बाळंतविड्याच्या गोधड्या हा बैठकीचा मानाचा भाग. त्यात नवे कापड घालत नाहीत. बाळाच्या आजीचे, पणजीचे, जितके जुने आणि धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे मिळेल तितके चांगले. लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरच्या घरात गोधडी सुरू झाली की आळीतल्या बायका बोलावणे न येताही येतात आणि एकेक तुकडा टाकून जातात. शेतकरी एकाच्या नांगरटीला सगळे जमून इर्जिक करतात तशीच ही बायकांची इर्जिक, आणि तिच्यातही शेवटी जेवण असतेच. गोधडी आटोपली की पुरणपोळी नाही तर शिरा, काहीतरी गोड.

रुईचा लेप हा निराळा प्रांत आणि त्याचे मानकरी पिंजारी. मन्सूरी, नद्दाफ या नावांनीही ओळखला जाणारा हा मुसलमान समाज वऱ्हाडभर पसरलेला आहे. खांद्यावर मोठी धनुकली घेऊन पिंजारी गल्लीत आला की तातीचा आवाज दुरूनच यायचा. दबून बसलेली रुई तो ताणलेल्या तातीने झोडपून अशी फुलवायचा की मूठभर रुईने टोपले भरावे. आखूड, खरखरीत धाग्याचा गावरान कापूस या कामाला उत्तम, कारण तो दबला तरी पुन्हा फुगतो. लांब धाग्याचा संकरित कापूस सूत काढायला चांगला, पण लेपात लवकर चपटतो, असे जुने कारागीर सांगत आले. पुढे विजेवर चालणारी पिंजणयंत्रे आली आणि धनुकलीचा आवाज गेला. पण लेपात रुई सरकू नये म्हणून किती अंतरावर टाके घालावेत, हे आमच्या बायका पिंजाऱ्यांच्या घरातल्या बायकांकडूनच शिकल्या. रमजान ईदच्या आधी मुसलमान घरांतून सॅटिनचे, जाळीचे तुकडे येतात, दिवाळीनंतर आमच्या घरांतून सुती काठ जातात. अचलपूरचे नाव बाहेर जाते ते बहुधा वेगळ्याच बातम्यांसाठी. इथल्या चिंध्यांच्या या देवाणघेवाणीचीही बातमी कुणीतरी लिहावी.

गिरणीने बैठकीला नवी माणसे दिली. अचलपूरची विदर्भ मिल वऱ्हाडातल्या जुन्या कापड गिरण्यांपैकी. १९७४च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा अकोला, हिंगणघाट, नागपूरच्या गिरण्यांबरोबर तीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. नंतर ती बंद पडली. पुढे मुंबईची फिनले मिल याच महामंडळाने अचलपुरात उभी केली, आणि गावाला पुन्हा पाळीची वेळ, पगाराची तारीख मिळाली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत तीही थांबली. कामगारांनी ती सुरू करण्यासाठी किती आंदोलने केली हे गाव जाणते. गिरणी कामगाराच्या घरातली बाई बैठकीत आली ती कापडाची पारख घेऊनच. सूत बोटात चोळून ते किती पिळाचे आहे, धुतल्यावर किती आटेल, हे ती सांगू शकते. हे ज्ञान गिरणीच्या दाराशी कुलूपबंद झाले नाही, आमच्या सतरंजीवर आले, याचे मला समाधान आहे. पण पगार थांबला त्या घरांचे दुःख या समाधानाने भरून निघत नाही, हेही इथेच नोंदवते.

मधली काही वर्षे बैठकीला फार कठीण गेली. घराघरांत पानिपतची ब्लँकेटे आली, सोलापुरी चादरी आल्या, आणि गोधडी ही गरिबीची खूण ठरली. पाहुणे आले की ती माळ्यावर टाकायची पद्धत पडली. त्याच सुमारास सुती लुगडी नेसणे कमी झाले आणि पोट भरायला सुती कापडच मिळेना. पॉलिस्टरच्या साड्या निसरड्या, टाक्यात टिकत नाहीत, घाम शोषत नाहीत. यावर बायकांनी उपाय काढला. सिंथेटिक साडी वर किंवा खाली कधी घालायची नाही, आत घालायची, आणि ती आधी एका सुती थराला टाचून घ्यायची. वरचे आणि खालचे अस्तर सुतीच. असल्या गोधड्या वजनाला हलक्या होतात आणि लवकर वाळतात. गोधडी मरणार असे वाटत असताना कुणीतरी हा तोडगा शोधला, पण तिचे नाव कुणालाच आठवत नाही. आमच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

नंतर बचत गटांचे दिवस आले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५चे, नाबार्डची गटांना बँकेशी जोडण्याची योजना १९९२ची, राज्यात उमेद अभियान २०११पासून. या साऱ्यांमुळे बायकांच्या हाती खाते आले, कर्ज आले आणि प्रदर्शनातला एक गाळाही आला. गोधडी विकली जाऊ शकते हे पहिल्यांदा कळले. शिवणयंत्रेही वाढली. यंत्रावरची गोधडी दोन दिवसांत होते, हाताची महिन्यात. गिऱ्हाईक मात्र म्हणते की टाके एकसारखे हवेत, रंग जुळलेले हवेत, आणि जुने कापड नको.

इथे मला बैठकीतल्या काही जणींशी मतभेद नोंदवावासा वाटतो. विक्री व्हावी, बायकांच्या हाती पैसे यावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण नव्या, जुळवलेल्या कापडाची गोधडी ही वेगळी वस्तू आहे, तिला वेगळी किंमत आणि वेगळी फळी असावी. जुन्या कापडाच्या गोधडीचे काम त्यामुळे मागे पडता कामा नये. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, कापसाच्याच पट्ट्यात, गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या आज्या-पणज्या गुलामीत कापूस वेचत होत्या. या बायका नवऱ्याच्या फाटक्या कामाच्या विजारींतून गोधड्या शिवत आल्या. १९६६ला त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांची कामे मिळाली, पण ती एकाच मापाची, एकाच रंगाची, आणि बायकांना त्यात स्वतःचा हात दाखवता येईना. त्यांच्या घरातल्या जुन्या, वेड्यावाकड्या गोधड्याच पुढे २००२ला ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ला अमेरिकेच्या टपालाच्या तिकिटांवर आल्या. ज्या युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव दिला, त्याच युद्धाने त्या बायकांच्या आज्या-पणज्यांची गुलामी संपवली. म्हणून गीज बेंडची हकिकत आम्हाला परक्या देशातली वाटत नाही.

जवळचेही उदाहरण आहे. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, त्यांचीही फेरी बाहेरून आत जाते. कवंदी मिटण्यापूर्वी तिच्यात तांदळाचे काही दाणे ठेवतात, कारण तिचे पोट रिकामे राहू नये. आमच्या बैठकीने ही रीत ऐकली तेव्हापासून काही जणी गोधडी मिटताना मधे ज्वारीचे दाणे घालू लागल्या आहेत. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचे इंग्रजी पुस्तक आहे, ते फ्रान्समधल्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने काढले. आपल्या घरातल्या गोधड्यांचे पुस्तक परदेशात निघते आणि आपल्या शाळेच्या हस्तकलेच्या तासाला त्यांचा उल्लेखही नसतो, हे बदलायला हवे. अचलपूरच्या शाळांनी उन्हाळी सुट्टीत मुलींबरोबर मुलांनाही एक आठवडा या बैठकीत पाठवावे, ही आमची जाहीर विनंती आहे. शिकवायला आम्ही तयार आहोत, त्यासाठी मोबदला नको, फक्त मुलांनी घरून आपले एक जुने सुती कापड आणावे.

सध्या बैठकीत तीन कामे चालू आहेत. एक, टाळेबंदीत गेलेल्या माणसांच्या कपड्यांतून त्यांच्या घरच्यांसाठी गोधड्या करून देणे. हे काम सावकाश चालते, कारण शर्टाचा खिसा कुणालाच उसवावासा वाटत नाही, आणि आम्ही तो तसाच वरच्या थरात राहू देतो. दुसरे, वसतिगृहात राहणाऱ्या मेळघाटातल्या मुलींसाठी हिवाळ्याआधी हलक्या गोधड्या. तिसरे काम नोंदीचे. गावातल्या ज्या घरी दोन पिढ्यांपूर्वीची गोधडी असेल तिथे जाऊन तिचा फोटो घ्यायचा, कोणती कापडे कुणाची ते विचारून वहीत उतरवायचे, आणि शिवणाऱ्यांची नावे लिहायची. वरच्या कापडाखाली जुनी गोधडीच पोट म्हणून घातलेली असते, तिच्याखाली आणखी जुनी, म्हणून उसवताना घाई नको. ज्यांच्या घरी अशी गोधडी आहे त्यांनी ती भंगारात किंवा गोठ्यात देण्याआधी आम्हाला दाखवावी. आणि यापुढे बैठकीत पुरी होणाऱ्या प्रत्येक गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात, काठाच्या पट्टीवर, शिवणाऱ्या सगळ्या बायकांची नावे आणि वर्ष टाक्यांत लिहायचे, असे यंदाच्या वैशाखात सर्वांनी मिळून ठरवले आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची नावे त्यांच्याच हाताने उमटावीत म्हणून लिहिणारी आधी साबणाच्या खड्याने अक्षरे आखून देते, आणि सुई नावाच्या धनिणीच्या हाती देते.